कानात सतत आवाज येत असेल तर: एका चक्कीवालीचा सल्ला

इंदूरला रामबागेत आमची पिठाची चक्की आहे. सासऱ्यांनी टाकली, ह्यांनी वाढवली, आणि आता गल्ला आणि दगड दोन्ही माझ्याकडे. होळकर कॉलेजातून बीएस्सी करून चक्कीवर बसलेली बाई म्हणून जुनी गिऱ्हाइकं अजून थट्टा करतात, करू देत. माझ्या दोन्ही कानांत रात्रंदिवस एक बारीक शिट्टी वाजत असते, उजव्यात जरा जास्त. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. ती जाणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी नीट झोपते, बोलते, भांडते. दळण टाकायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हळूच विचारतं, "काकू, माझ्याही कानात तसंच होतंय, काय करू?" त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आले ते इथे सलग लिहिते. मी डॉक्टर नाही. पण कुठल्या दारी आधी जायचं आणि तिथे काय मागायचं, एवढं मला नक्की सांगता येईल.

थांबायचं की आज धावायचं

कानातला आवाज बहुतेकांच्या बाबतीत धोक्याचा नसतो. पण एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं, सकाळी त्या कानाला फोन लावला आणि पलीकडचं काही कळेना, आणि सोबत शिट्टी सुरू झाली, तर सोमवारची वाट बघू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना गाठा. आतल्या कानाला बसलेला हा दणका असू शकतो. त्यावर स्टेरॉइड देतात, आणि त्याचा उपयोग लवकर दिलं तरच होतो: पहिले काही दिवस उत्तम, दोन आठवडे उलटले की आशा कमी होत जाते. सर्दीनं दडा बसला असेल म्हणत लोक महिना घालवतात आणि मग कान परत येत नाही.

दुसरी गोष्ट घरी बसून तपासता येते. मनगटावर नाडी धरा आणि कानातला आवाज तिच्या ठोक्याबरोबर धपधप करतो का बघा. ताल जुळत असेल तर हे प्रकरण वेगळं. त्यात रक्तवाहिन्या आणि रक्तदाब तपासावे लागतात, बहुधा स्कॅनही. आवाज एकाच कानात असेल, सोबत गरगरून चक्कर येत असेल, चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी वाटत असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल किंवा डोक्याला मार लागल्यावर हे सुरू झालं असेल, तरीही दिवस ढकलू नका. यातलं काहीच नसेल तर घाबरून रात्री दवाखाना शोधायची गरज नाही. आठवड्याभरात जा, पण जा.

जाण्याआधी एक कागद

ओपीडीत डॉक्टरांपुढे पाच मिनिटं मिळतात आणि त्यात आपण "कसंतरीच होतं हो" यापलीकडे जात नाही. म्हणून घरीच लिहून न्या. कधीपासून, कुठल्या कानात, सलग की अधूनमधून, शिट्टी की भुणभुण की रातकिडे. जबडा आवळला किंवा मान वळवली की आवाज बदलतो का? बदलत असेल तर जबड्याच्या सांध्याचा किंवा मानेचा त्यात वाटा असू शकतो आणि दातांच्या डॉक्टरांची किंवा फिजिओथेरपिस्टची मदत होते. कामावर आवाज किती आणि किती वर्षं, हेही लिहा. पीथमपूरच्या कारखान्यात प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रे दाबून घडवतात तिथला, माणूस हे सांगायला हमखास विसरतो, कारण त्याच्या लेखी तो आवाज नसतोच, ती नोकरी असते.

औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं तोंडपाठ सांगायला जाऊ नका. मोठ्या डोसची ॲस्पिरिन, क्विनीन आणि क्लोरोक्विन, जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं, फ्युरोसेमाइड, कॅन्सरसाठीचं सिस्प्लाटिन यांनी कानाला त्रास होऊ शकतो. हृदयासाठी घेतात ती छोट्या डोसची ॲस्पिरिन सहसा दोषी नसते. ती आपल्या मनानं बंद करून कान वाचवायला जाल आणि हृदय धोक्यात घालाल.

कागदाच्या शेवटी एक ओळ मात्र सगळ्यात महत्त्वाची: या आवाजामुळे मी काय करेनाशी झाले आहे. झोप लागत नाही, वाचन सुटलं, भिशीला जाणं सोडलं, नातवावर खेकसते. डॉक्टरांना आवाजाचं वर्णन करत बसण्यापेक्षा ही ओळ वाचून दाखवा. का ते पुढे येईलच.

कोणाकडे आणि काय मागायचं

सरकारीत जायचं तर एमवाय हॉस्पिटलची कान-नाक-घसा ओपीडी आहे. कारखान्यात पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असेल तर नंदानगरचं ईएसआय हॉस्पिटल तुमच्या हक्काचं. खाजगी डॉक्टर तर गल्लोगल्ली. कुठेही जा, तीन गोष्टी व्हायला हव्यात: कानात डोकावून मळ आणि पडदा बघणं, मधल्या कानाची टिम्पॅनोमेट्री (हवेच्या दाबानं पडदा नीट हलतो का ते बघणं), आणि आवाजबंद खोलीत बसवून केलेली प्युअर टोन ऑडिओमेट्री (जाड-बारीक सूर किती हळू असेपर्यंत ऐकू येतात ते मोजणं). मळाचा खडा निघाला आणि आवाज गेला असं भाग्य काहींच्या वाट्याला येतं. ते आधीच तपासून घ्यावं.

मला एका डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं होतं, "उम्र का असर है, आदत डाल लीजिए." हे वाक्य अनेकांना ऐकावं लागतं आणि ते बाहेर येऊन रडतात. ते साफ खोटं नाही, अर्धवट आहे. सवय लागते, पण ती लावायची रीत असते आणि रीत शिकवणारी माणसं असतात. त्यामुळे तिथून उठायच्या आधी एवढंच म्हणा: "मला ऑडिओलॉजिस्टकडे पाठवा, आणि ऑडिओग्रामची प्रत द्या." ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकणं तपासणारा तज्ज्ञ, ऑडिओग्राम म्हणजे त्या तपासणीचा आलेख. ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे ना, हे विचारायला लाजू नका. कानाच्या मशीनचं दुकान चालवणारा प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट नसतो.

ऑडिओग्राम वाचायला सोपा आहे. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. डावीकडे जाड आवाज, २५० हर्ट्झपासून, आणि उजवीकडे बारीक, ८,००० पर्यंत. रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी. गोंगाटात आयुष्य घालवलेल्यांच्या कागदावर ४,०००च्या आसपास एक खड्डा दिसतो. माझ्या कागदावर तो दोन्हीकडे आहे, उजवीकडे खोल. दोन कानांत एवढा फरक कशाला, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, याची खात्री त्यानं होते. ती क्वचितच निघते, माझीही निघाली नाही. पण एक सांगते, एमआरआयचं यंत्र स्वतःच कान फाडतं. आत जाण्याआधी इअरप्लग आणि वरून हेडफोन दोन्ही मागून घ्या, आणि "पहले से टिनिटस है" असं टेक्निशियनला स्पष्ट सांगा.

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी मग माझ्या शिट्टीची उंची आणि जोर जुळवून पाहिला. यंत्रातून आवाज सोडतात आणि आपण सांगायचं, हा नाही, जरा बारीक, हां हा. जोर निघाला माझ्या ऐकू येण्याच्या सीमेच्या जेमतेम काही डेसिबल वर. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढ्याशा आवाजानं मी रात्र रात्र जागते? पण बहुतेकांचं असंच निघतं. आवाज केवढा आणि त्याचा जाच केवढा, यांचा फारसा संबंध नसतो. म्हणून त्या बाई आवाज मोजायचं सोडून जाच मोजतात. टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी नावाची पंचवीस प्रश्नांची यादी आहे, १९९६ सालची. शून्य ते शंभर गुण. ती भरून मागा आणि काही महिन्यांनी पुन्हा भरा. शिट्टी तेवढीच असताना माझे गुण 'तीव्र' वरून 'सौम्य'वर आले. बरं होणं म्हणतात ते आमच्या बाबतीत हे असतं.

ही शिट्टी येते कुठून

थोडक्यात सांगते. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी गोंगाटानं किंवा वयानं मरतात, त्या परत उगवत नाहीत. तिथून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपला जोर वाढवतो. चक्कीच्या डब्यातला दाणा संपला की दगड रिकामे फिरतात आणि भरल्यापेक्षा जास्त किंचाळतात, तसंच हे. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात थोडा आवाज असतोच. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं तर ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. आपला फरक इतकाच की आपल्या मेंदूनं त्याला धोक्याची घंटा मानलं आहे. उपाय दोन बाजूंनी चालतो: कानाला दाणा, म्हणजे बाहेरचा आवाज, घालायचा आणि घंटेची भीती घालवायची.

कानाचं मशीन

ऐकू कमी येत असेल, थोडं का होईना, तर माझ्या मते आधी पैसा इथे घाला. लोक उलटं करतात. औषधांवर वर्षभर खर्च करतात आणि मशीन म्हटलं की "म्हातारं दिसतं" म्हणून मागे सरकतात. माझ्याकडे गिऱ्हाईक "सहा किलो" म्हणालं की मला "दहा" ऐकू यायचं, कारण स, श, फ हे सगळे बारीक आवाज त्या खड्ड्यात पडलेले. मशीन लावल्यावर ते परत आले, आणि बाहेरचं ऐकू येऊ लागलं तसं आतलं मागे हटलं. सगळ्यांचं इतकं होत नाही. पण मशीन काही दिवस घरी वापरून बघायला द्या, असा आग्रह धरा. जो ऑडिओग्राम न बघता मशीन विकतो किंवा पटकन बयाणा मागतो, त्याच्या दुकानाच्या पायऱ्या उतरा.

पहिले काही आठवडे कठीण जातात. पातेल्यांचा खणखणाट अंगावर येतो, प्लास्टिकच्या पिशवीची चरचर सहन होत नाही, आपलाच आवाज घुमतो. म्हणून काढून डब्यात ठेवू नका. रोज थोडा वेळ वाढवा आणि परत जाऊन सेटिंग करून घ्या, एकाच भेटीत ते बसत नाही. बटणासारख्या सेलचं मशीन असेल तर चिकटपट्टी काढल्यावर सेल मिनिटभर हवेत ठेवा आणि मग घाला, जास्त टिकतो. चक्की चालू असताना मशीन कानात ठेवायचं नाही. पिठानं त्याची जाळी बुजते, आणि आधीच मोठा असलेला आवाज आणखी मोठा कशाला करायचा.

ऐकणं अगदी ठणठणीत असेल तर मशीनचा उपयोग नाही, तुम्ही पुढे वाचा.

रात्र

दिवस निघून जातो हो, खरी परीक्षा पाठ टेकल्यावर. पहिला नियम: खोलीत संपूर्ण शांतता नको. उन्हाळ्यात कूलरमुळे आपोआप सोय होते. गंमत म्हणजे माझ्याकडे विचारणारे लोक थंडीत वाढतात, कारण पंखे बंद होतात. तेव्हा फोनवर पावसाचा, ओढ्याचा किंवा नुसत्या सळसळीचा आवाज लावा, उशीपासून लांब ठेवा, आणि रात्रभर चालू राहू दे. अर्ध्या रात्री टायमरनं बंद झाला की जाग येते.

आवाज किती ठेवायचा यात बरेच जण फसतात. शिट्टी पूर्ण बुडेल इतका मोठा लावू नका. शिट्टी किंचित ऐकू येत राहील आणि सळसळ तिच्यात मिसळेल, इतपतच. मेंदूला तिच्या शेजारी राहायला शिकवायचं आहे, आणि जी ऐकूच येत नाही तिची सवय कशी लागणार? टिनिटसचे संशोधक पावेल जॅस्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या विचारातून जी पद्धत निघाली तिचा पाया हाच आहे. गाणी, बातम्या, कीर्तन झोपताना नको, शब्द आले की मन ऐकायला बसतं.

बाकी झोपेचे नियम सगळ्यांना लागू तेच. उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. मी उधारीची वही जुळवते, लगेच डुलकी येते. घड्याळ नजरेआड ठेवा. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातून मध्यरात्री गराडू आणि जलेबा खाऊन यायचं आणि झोप येत नाही म्हणून शिट्टीला शिव्या द्यायच्या, हा इंदूरी न्याय झाला. चहा मात्र मी सोडलेला नाही. तो सोडल्यानं सरसकट फायदा होतो असं दिसलेलं नाही, आणि एकदम सोडला की डोकं दुखतं ते वेगळंच. तुम्हाला स्वतःला फरक जाणवत असेल तर संध्याकाळचा कमी करा.

भीतीचा इलाज

मानसोपचार म्हटलं की आमच्याकडे पहिला शब्द निघतो बाणगंगा, कारण मनोरुग्णालय तिकडे. माझ्या नणंदेनंही विचारलं, "वहिनी, इतकं झालंय का?" इतकं काही झालेलं नव्हतं. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी, या त्रासावर सगळ्यात चांगला आधार असलेला उपचार आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यातही (त्यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) हेच आलं की आवाजाचा आयुष्यावर होणारा वाईट परिणाम त्यानं कमी होतो. आवाज कमी करायचं वचन तो देत नाही, म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसला.

त्यात करायचं काय, तर उदाहरण घ्या. रात्री विचार येतो: "ही अशीच वाढत गेली तर मला वेड लागेल." तो वहीत जसाच्या तसा लिहायचा. मग खाली लिहायचं: गेल्या वर्षी ती किती होती? तितकीच. आज दुपारी गर्दीच्या वेळी ती आठवली का? नाही. मग खरं वाक्य काय? "ती वाजते आहे, मी दमले आहे, आणि उद्या मला सकाळची दळणं आहेत." फार साधं वाटतं, पण रोज केलं की पकड सैल होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे नीट शिकवतात. पैसे नसतील किंवा जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेली मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करायचा, चोवीस तास, फुकट. आणि या आवाजापायी जगणं नको वाटू लागलं असेल तर हा फोन आत्ता लावा आणि घरात एका माणसाला सांगा. अशा अवस्थेला पोचलेली माणसं मी पाहिली आहेत. ती तिथून परत आली, आज दळण न्यायला येतात.

घरच्यांना आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांना तो खरा वाटत नाही. वाद घालू नका. त्यांना कामं सांगा: समोर येऊन बोला, दुसऱ्या खोलीतून हाका मारू नका, टीव्ही चालू असताना महत्त्वाचं सांगू नका. "आज कसा आहे आवाज?" असं रोज विचारायचं नाही, हेही सांगा. ह्यांनी प्रेमानं विचारायचं आणि विसरलेली शिट्टी मला आठवायची.

यात पैसे घालू नका

गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन आणि "कानाच्या नसांची ताकद" म्हणून मिळणारे पूरक डबे: अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत ते टिनिटससाठी देऊ नयेत असंच म्हटलं आहे. रक्तात बी १२ कमी निघालं तर ते घ्या, ते वेगळं. लसूण घालून कढवलेलं तेल, कानात मेणबत्ती, स्टेशनबाहेर सळई घेऊन फिरणारे कान साफ करणारे, यांतून पडदा जाऊ शकतो, शिट्टी जात नाही. आमच्या गल्लीतल्या एकांना एका जाहिरातबाज क्लिनिकनं "मुळापासून बंद" म्हणून हजारोंचं पॅकेज गळ्यात मारलं. मुळापासून बंद करायची गोळी आज कुणाकडेच नाही. तसं म्हणणारा माणूस दिसला की पाकीट आत.

जे उरलंय ते जपा

हिशेब ध्यानात ठेवा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. वरातीच्या डीजेजवळ तुम्ही किती वेळ उभे असता? रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखावे, बघायला मी अजून जाते, इंदूरात राहून ते सोडायचं म्हणजे काय! पण फोमचे प्लग खिशात असतात. ते नुसते कानात कोंबून उपयोग नाही. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचा. चक्कीवर मी कानावर बसणारे मफ लावते. मोटरखाली रबर घातलं, पट्टा ढिला राहू देत नाही, दगडांना वेळेवर टाकी लावून घेते. त्यानं आवाजही कमी होतो आणि पीठही चांगलं पडतं.

मात्र घरात, बाजारात, शांत जागी प्लग घालून बसू नका. दाणा आणखी कमी केल्यासारखं होतं, आणि हळूहळू साधे आवाजही टोचू लागतात.

कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गोंगाटामुळे कमी झालेलं ऐकणं कायद्यानं व्यावसायिक आजारांत धरलेलं आहे, तेव्हा नोकरीत असतानाच ऑडिओग्राम करून ठेवा, निवृत्तीनंतर सिद्ध करणं जड जातं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी नुसती शिट्टी चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकण्याची घट मोजतात, आणि ती दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल लागते. बाकी सगळ्यांनी वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करावी, त्या आधीचा दिवस गोंगाटात घालवू नये, आणि जुना कागद सोबत न्यावा म्हणजे खड्डा किती खोल झाला ते जागच्या जागी ताडून बघता येतं.